हॅरी पॉटर घ्यावं की मार्टिनचे जाडजूड खंड? आधी मंत्र्यांकडे बघा

जे. के. रोलिंगची ‘हॅरी पॉटर’ आणि जॉर्ज आर. आर. मार्टिनची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या दोन कादंबरी-मालिकांपैकी कुठली सुरू करावी असं कोणी विचारलं, की मी नायकांबद्दल बोलतच नाही. राजकारणी कसे रंगवलेत ते सांगतो. आवडीनिवडीचा निकाल बहुतेक तिथेच लागतो. (पुढे थोडं कथानक फुटेल.)

‘हॅरी पॉटर’मध्ये हॅरी चिडतो, चुकतो, पाचव्या भागात तर डोक्यात जातो, पण तो कोणाच्या बाजूचा याची शंका कधी येत नाही. खलनायक वोल्डेमॉर्ट पुरता काळाकुट्ट. मला तो शेवटी शेवटी कंटाळवाणाच वाटला. खरी मजा मधल्या माणसांत आहे. जादूमंत्री फज दुष्ट नाही, त्याला फक्त खुर्ची सोडवत नाही. वोल्डेमॉर्ट परतलाय हे मान्य केलं तर आपलं काही खरं नाही, म्हणून तो वर्षभर ते नाकारतो आणि वर्तमानपत्राला हाताशी धरून एका पोराला खोटारडा ठरवतो. त्याच्या जागी आलेला स्क्रिमजर चांगला खमक्या, पण त्याला तरी काय हवं असतं? हॅरी मधूनमधून मंत्रालयात ये-जा करताना लोकांना दिसावा, बस्स. तिकडे स्टॅन शनपाइक हा साधा बस कंडक्टर तुरुंगात, कारण सरकार काहीतरी करतंय हे दाखवायचं आहे. आणि मंत्रालयाने हॅरीच्या शाळेवर धाडलेली अम्ब्रिज! गुलाबी कपडे, भिंतीवर मांजरीच्या पिल्लांच्या चित्रांच्या बशा, लाडिक आवाज, आणि लिहिणाऱ्याच्याच हातावर अक्षरं कोरणारी ती लेखणी. वोल्डेमॉर्टपेक्षा हिचीच धास्ती जास्त वाटते.

‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’मध्ये राजकारण कडेला नाही, तेच कथानक आहे. राजाचा प्रधान नेड स्टार्क राणीच्या मुलांची दया येऊन, तिचं गुपित राजाला सांगण्याआधी तिलाच सावध करतो आणि हा भलेपणा शब्दशः त्याच्या मानेवर येतो. राणीचा भाऊ टिरियन, त्याचा एक डाव तर मी दोनदा वाचला. सल्लागारांपैकी राणीला बातम्या कोण पुरवतं ते त्याला शोधायचंय. राजकन्येला कुठे द्यायचं याचे तीन वेगवेगळे बेत तो तिघांच्या कानात सोडतो. राणी डॉर्न या दूरच्या प्रांताच्या नावाने भडकते आणि तो बेत ज्याला सांगितला होता तो म्हातारा पायसेल सापडतो. आपण खूश! मग लक्षात येतं, त्या पोरीला कोणी काही विचारलेलंच नाही, आणि तिची रवानगी खरोखरच डॉर्नला होते. आपणही त्या कटात सामील झालेले असतो.

विरोधकांचंही तसंच. राणीचा दुसरा भाऊ जेमी सात वर्षांच्या पोराला खिडकीतून ढकलतो. तिसऱ्या खंडात तोच आपल्याशी बोलायला लागतो, पूर्वीच्या राजाला त्याने का मारलं ते कळतं, आणि त्याला शिव्या घालणं जड जातं. माफ मात्र करवत नाही.

व्यवहाराचं बोलायचं तर पॉटरचे सातही भाग १९९७ ते २००७ मध्ये येऊन गोष्ट पुरी झाली. मार्टिनचा पाचवा खंड २०११ चा; पुढच्याची वाट बघण्यात वाचकांची उमर चालली आहे. शिवाय त्यात हिंसा आणि लैंगिक अत्याचार भरपूर, तेव्हा शाळकरी मुलांसाठी नकोच.

स्वतःसाठी घेत असाल तर पॉटरचा पाचवा भाग वाचून बघा. फज-अम्ब्रिजची पानं रेंगाळत वाचलीत तर मार्टिन आणा. शेवटच्या झुंजीसाठी ती भराभर उलटलीत तर पैसे वाचवा.