सहा पायांचा लोखंडी स्टँड आणि पाच फुटी टँक : काही महिने वापरल्यानंतर

माशांचा काचेचा टँक (अ‍ॅक्वेरियम) पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, बिनफ्रेमचा. काठोकाठ धरला तर साधारण साडेपाचशे लिटर पाणी. १२ मिमी काचेचं वजनच शंभर किलोच्या आसपास, वर वाळू, दगड आणि खुद्द स्टँड. सगळं मिळून पाऊण टनाकडे जातं. सहा पायांत सारखं वाटलं गेलं तरी प्रत्येकी सव्वाशे किलो. पण ते आपोआप सारखं वाटलं जात नाही, आणि या स्टँडची खरी परीक्षा तिथेच आहे.

स्टँड चौकोनी पाइपचा, वेल्डिंग केलेला, वर जाड प्लायची फळी. प्रत्येक पायाला खाली फिरवून उंची कमी-जास्त करायचा बोल्ट, त्यावर बोल्ट सरकू न देणारा लॉक नट. कोपऱ्यांचे चार पाय आधी जुळवायचे आणि मग मधले दोन जमिनीला टेकेपर्यंतच खाली आणायचे. मधले जास्त फिरवले की कोपरे हलके होतात आणि फ्रेम मधून उचलली जाते. प्रत्येक पायाखाली कागदाची पट्टी सरकवून बघितली, कुठूनही सहज निघता कामा नये. पायांखाली लोखंडी चकत्याही ठेवल्या, कारण पोकळ बसलेल्या टाइलवर एका बोल्टचा भार आला की टाइल तडकते.

लेव्हलबद्दल (टँक सपाट बसवण्याबद्दल) लोक स्पिरिट लेव्हलचा, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या पट्टीचा, बुडबुडा मध्यावर आणण्यातच अडकतात. डावीकडून उजवीकडे ३ मिमीचा उतार राहिला तर दोन फूट पाण्याच्या तळाशी दाबात फरक पडतो जेमतेम अर्धा टक्का. पाण्याची रेघ तिरकी दिसते आणि डोळ्याला खुपते, एवढंच. खरी भीती पिळाची. तीन कोपरे एका पातळीत आणि चौथा २ मिमी खाली असेल तर काच काही वाकून बसत नाही, सगळा ताण तळाच्या काचेवर आणि सिलिकॉनच्या सांध्यांवर येतो. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्रेमला असा पीळ सहज पडतो, आणि स्पिरिट लेव्हल एकाच बाजूला ठेवली तर तो कळतही नाही.

त्यासाठी दोरीची परीक्षा उत्तम. फळीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन बारीक दोऱ्या ताणायच्या. मध्यावर त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. मग खालची वर, वरची खाली करून पुन्हा बघायचं. पीळ असेल तर एका वेळी फट दिसते आणि दुसऱ्या वेळी दोरी दोरीला ढकलते. या स्टँडला थोडा पीळ होता, पण मागचा एक पाय फिरवून निघाला. फळी मध्ये फुगली किंवा दबली आहे का हे मात्र दोरी सांगत नाही, त्याला सरळ पट्टीच आडवी लावावी लागते. आणि स्पिरिट लेव्हलवर विश्वास ठेवण्याआधी ती आहे त्याच जागी डावं टोक उजवीकडे येईल अशी फिरवून बघा. बुडबुडा दुसऱ्या बाजूला पळाला तर दोष लेव्हलचा, स्टँडचा नव्हे.

फळीवर १० मिमीचा फोम अंथरलाय. तो वाळूचा कण किंवा स्क्रूचं डोकं पोटात घेतो, फळीची वाकडी चाल सरळ करत नाही. पाचर किंवा चकती घालायची ती स्टँडच्या पायाखालीच, टँक आणि फळीच्या मध्ये कधीच नाही. प्लास्टिकच्या फ्रेमवर उभ्या राहणाऱ्या टँकला तर फोम नकोच. त्याची तळाची काच अधांतरी असते आणि फोम तिला खालून रेटतो.

पाणी एक तृतीयांश भरून थांबलो आणि पुन्हा मोजलं. पायांचे रबर दबल्यामुळे मागचा कोपरा किंचित खाली गेला होता, तेवढ्या पाण्यातच दुरुस्त केला. भरलेल्या टँकखाली पाना घालायचा नाही. आता पंप बंद करून, पाणी स्थिर झालं की चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजतो. याहून भरवशाची लेव्हल नाही. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी मापात २ मिमीचा फरक आहे आणि सुरुवातीपासून तो वाढलेला नाही. स्टँडखालच्या कपाटाच्या दारांची फटही वरपासून खालपर्यंत तेवढीच आहे. फ्रेम बाजूला झुकायला लागली असती तर दारं आधी घासली असती.

तक्रारी आहेत. मागे तिरपी आधाराची पट्टी दिलेली नाही, पत्र्याच्या पाठीवर भागवलंय. फिल्टरच्या बाजूला फळीची कड उघडी होती. थेंब पडून ती फुगायला लागली तेव्हा सुकवून, घासून रंगाचे दोन हात दिले. फोमच्या कडेला ओल धरते, तिथे काळी रेघ उठते, ती पुसत राहावी लागते. मागच्या बोल्टपर्यंत पाना पोचायला भिंतीपासून किमान वीतभर जागा सोडावी लागते, आणि हे सोबतच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही.

चार फुटांपर्यंतच्या टँकसाठी एवढा खटाटोप नको, चांगला चार पायांचा स्टँड पुरतो. त्यापुढे सहा पायांचाच घ्या, पण घेताना बोल्ट हाताने फिरवून बघा. आटे अडखळत असतील तर भार आल्यावर ते फिरणार नाहीत.