आय-फाइव्ह म्हणजे नक्की कुठला आय-फाइव्ह? वीस हजाराच्या आतले तीन डबे

गेल्या दीड वर्षात तीन स्वस्तातले डेस्कटॉप घेऊन झाले, एक फसून, एक नीट बघून आणि एक सासऱ्यांच्या दुकानासाठी, त्यामुळे आता ओळखीत कुणालाही कॉम्प्युटर घ्यायचा झाला की फोन मलाच येतो. प्रश्न ठरलेला, "जुना घेऊ का नवा?" आणि माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण मी घेतलेल्यातला सगळ्यात जुनाट निघाला तो "ब्रँड न्यू" म्हणून घेतलेला.

झालं असं की मुलगा अकरावीत गेला, घरात एकच लॅपटॉप तोही बायकोच्या ऑफिसचा, आणि जवळच्याच एका दुकानात पाटी दिसली, नवीन आय-फाइव्ह (इंटेलचा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं), ८ जीबी रॅम, २५६ एसएसडी, फक्त ११,५००. कॅबिनेट चकाचक, पुढे तीन पंखे रंगीत लाइटवाले, काचेचं दार, मुलगा तर तिथेच खल्लास. घरी आणून टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर आय-फाइव्ह ३४७०. म्हणजे २०१२ सालचा! मग वाचत बसलो तेव्हा कळलं की बाजारात एच-६१ नावाच्या २०११ च्या चिपसेटचे मदरबोर्ड (ज्यावर प्रोसेसर आणि रॅम बसते) अजूनही नवेकोरे मिळतात, त्यावर भंगारात निघालेल्या मशीनमधले प्रोसेसर बसवायचे, डीडीआर-३ ही जुन्या पद्धतीची रॅम टाकायची आणि नवीन पीसी म्हणून विकायचं. बोर्ड नवीन, डबा नवीन, वॉरंटी पण आहे, फक्त डोकं बारा-तेरा वर्षांचं. परत गेलो भांडायला तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब आय-फाइव्ह सांगितला होता, आय-फाइव्हच दिलाय." आता याला काय बोलणार, खोटं तर तो बोलला नव्हताच.

तर नंबर वाचायला शिका. आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे नुसतं आडनाव झालं, कामाचा असतो तो पुढचा आकडा. ३४७० म्हणजे तिसरी जनरेशन, म्हणजे प्रोसेसरची तिसरी पिढी, ६५०० सहावी, ८५०० आठवी, पाच आकडी असेल, उदाहरणार्थ १२४००, तर बारावी. आणि सध्या लक्ष्मणरेषा आहे आठवी, कारण इंटेलमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं (सातवीतले एक-दोन अपवाद सोडा) आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणूनच ऑफिसांनी सहावी-सातवीची मशीनं बाहेर काढलीत आणि ती एवढी स्वस्त दिसतायत. दुकानदार म्हणेल विंडोज ११ टाकून देतो, टाकतातही जुगाड करून, पण पुढच्या मोठ्या अपडेटला काय होईल याची गॅरंटी तो देणार नाही. विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स वापरणार असाल तर मात्र सहावी जनरेशन डोळे झाकून घ्या, पैसे वाचतील.

दुसऱ्या वेळी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो, रविवार सोडून, सकाळी लवकर. हवं होतं ते आधीच ठरवलेलं, डेलचा ऑप्टिप्लेक्स ७०६०, तो आडवा-उभा कसाही ठेवता येतो तो छोटा डबा, आत आय-फाइव्ह ८५००, सहा कोअर, २०१८ चा. पहिल्या दुकानात मशीन चालू केलं आणि एफ-टू दाबून बायोसमध्ये (विंडोजच्याही आधीच्या, मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जायला गेलो तर पासवर्ड मागितला. आधीच्या कंपनीने टाकलेला, काढलाच नव्हता. पोरगा म्हणतो "उसकी जरूरत नहीं पड़ती भाई". पडते बाबा, टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू करायला, पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला तिथेच जावं लागतं. सोडला तो. दुसऱ्या दुकानात बायोस उघडा होता, खालच्या सर्व्हिस टॅगचा, म्हणजे त्या मशीनच्या ओळखीचा नंबर मोबाइलवर डेलच्या साइटवर टाकून बघितला, मूळ कॉन्फिगरेशन जुळलं, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर चालवून एसएसडी किती तास चाललीय ते बघितलं, आणि १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडीसकट १६,८०० ला घेतला. एका बाजूला खरवडलेल्या स्टिकरचा चिकटा अजून होता, तो घरी खोबरेल तेलाने काढला. ग्रँट रोडहून दादर आणि दादरहून डोंबिवली, डबा मांडीवर.

वर्ष होत आलं, तक्रार जवळपास नाही. एक्सेल, क्रोमचे तीस टॅब, मुलाचं पायथन, व्हॅलोरंटसुद्धा लो सेटिंगवर खेळतो (अभ्यासाच्या नावाखाली). सुरुवातीला तारीख-वेळ सारखी मागे जायची, ते बोर्डावरचा सेल संपल्यामुळे, नवा सीआर-२०३२ सेल टाकला की मिटलं. पण काही गोष्टी आधी कुणी सांगत नाही. मागे दोन डिस्प्लेपोर्ट आहेत, एचडीएमआय नाही, केबल वेगळी घ्यावी लागली. वायफाय नाही, डोंगल लावला. आणि एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) डेलचा स्वतःचाच, २०० वॉटचा, बाजारातला साधा आत बसतच नाही, त्यामुळे मोठं ग्राफिक कार्ड विसरा, फार तर वेगळी वायर न लावता बोर्डाच्या स्लॉटच्याच करंटवर चालणारं बुटकं कार्ड. गेमिंगसाठी घेत असाल तर हा डबा तुमचा नाही, मोठा टॉवर बघा.

आता तिसरा. सासऱ्यांचं चिपळूणला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. काउंटरवर जागा वीतभर आणि पावसाळ्यात लाइटचा काही भरवसा नाही. त्यांना इंटेलच्या एन-१०० प्रोसेसरवाला मिनी पीसी घेतला, ८ जीबी, २५६, साधारण १३,५०० ला. आपल्या जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा, मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने लावला, काउंटर मोकळा. हा प्रोसेसर २०२३ चा, चार कोअर, फक्त ६ वॉटचा, त्यामुळे लाइट गेली तरी छोट्या यूपीएसवर बराच वेळ तग धरतो, सासरे अर्ध्यावर आलेला फॉर्म निवांत पूर्ण करतात. पण साइटवर याला "बारावी जनरेशन" म्हणून विकतात तिथे फसू नका. बारावीचा आय-थ्री १२१०० वेगळा आणि हा वेगळा, याचा जोर साधारण सहावी-सातवीच्या आय-फाइव्हइतकाच, माझा ८५०० त्याच्या चांगलाच पुढे आहे. रॅमचा स्लॉट पण एकच, म्हणजे वाढवायची तर आधीची काढून ठेवायची.

"जुना लाइट खातो" असं सगळे म्हणतात म्हणून हिशोब करून बघितला. नुसतं टायपिंग-ब्राउझिंग चालू असताना माझा ऑप्टिप्लेक्स आणि हा मिनी पीसी यांत समजा १५ वॉटचा फरक धरला आणि रोज आठ तास, तर महिन्याला साडेतीन-चार युनिट. तीस-चाळीस रुपये. एवढ्यासाठी मिनी पीसी घेऊ नका, जागा आणि यूपीएससाठी घ्या. घरात मुलं, टॅली, फोटो, थोडंफार एडिटिंग असं सगळं मिळून एकच मशीन हवं असेल तर आठवी जनरेशनवाला ऑफिसचा जुना डबाच, आणि बजेट तीस हजारांच्या पुढे जात असेल तर आय-थ्री १२१०० वर नवीन असेंबल करा, तिथे मग जुन्याचा विचारच नको.

तो पहिला ११,५०० वाला? त्यात लिनक्स मिंट टाकून भाचीला टायपिंगच्या परीक्षेच्या प्रॅक्टिससाठी दिलाय. चालतोय बिचारा, आणि ते लाइटवाले पंखे तिला भयंकर आवडलेत, रात्री खोलीतला दिवा घालवून बसते.