कला दिग्दर्शन: एफटीआयआय की थेट सेट?

भाचीला सिनेमाचे सेट उभारणारी कला दिग्दर्शक व्हायचंय, पण मार्ग ठरत नाही: एफटीआयआय या चित्रपट शिक्षण संस्थेत शिकायचं, की थेट सेटवर असिस्टंट व्हायचं?

खर्च: पुण्यात एफटीआयआयला तीन वर्षं फी, राहणं आणि कमाई शून्य. सेटवर असिस्टंटला पैसे मिळतात. तुटपुंजे, तेही उशिरा.

शिकणं: संस्थेत पटकथेवरून आराखडा, मॉडेल, लेन्सला किती भिंत दिसेल याचा हिशोब पक्का होतो. पण प्लायची कोरी भिंत रात्रीत पोपडे आलेली, ओल धरलेली करणं, चोर बाजारात कंदिलाचा भाव पाडणं, सुतारांकडून काम करवून घेणं सेटवरच जमतं. नामवंत कला दिग्दर्शक नितीन देसाईही कला दिग्दर्शक नीतिश रॉय यांच्या हाताखाली घडले.

ओळखी: दोन्हीकडे होतात.

आर्किटेक्चर किंवा चित्रकलेची पदवी आणि घरचा आधार असेल तर एफटीआयआय. हात चालतो, पण लगेच कमवायचंय? मग सेट.