अकरा वर्षांचा पूल हीटर दुरुस्त न करता बदलला: सात महिन्यांनंतरचा अनुभव

अमेरिकेतल्या ऑस्टिनमधलं हे घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात पोहण्याचा पूल आणि गॅसवर चालणारा हीटर आधीपासूनच होता. नुसत्या हौसेसाठी मी हीटरवर एवढा खर्च केला नसता. पण आई दर वर्षी नोव्हेंबरात सांगलीहून येते आणि एप्रिलपर्यंत राहते. तिच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. जमिनीवर दहा मिनिटं चालली की तिला टेकावं लागतं, पण छातीभर कोमट पाण्यात ती अर्धा तास चालते. "पाण्यात उतरलं की गुडघे आहेत हेच विसरते बघ," असं म्हणते. त्यासाठी पाणी ८६ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपलं ३० सेल्सियस लागतं. गेल्या सप्टेंबरात हीटरने मान टाकली, तेव्हा हातात जेमतेम दोन महिने होते.

त्याआधी दोनदा दुरुस्ती केली होती आणि त्याबद्दल मला अजिबात पश्चात्ताप नाही. एकदा इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) गेला, एकदा प्रेशर स्विच (पाण्याचा दाब पुरेसा आहे ना ते बघणारा). शिवाय एकदा हीटर सुरू होऊन पाच मिनिटांत बंद पडायचा. तेव्हा दोष हीटरचा नव्हताच, फिल्टर तुंबल्यामुळे पाण्याचा जोर कमी पडत होता. फिल्टर धुतला आणि तो चालू झाला. म्हणून मेकॅनिकला बोलवण्याआधी फिल्टर जरूर बघा. बाहेरून बदलता येणारे असे भाग गेले तर दहा वर्षांच्या हीटरवरही पैसे घालावेत, असंच मी म्हणेन.

या वेळी मात्र हीटरखाली पाणी साचत होतं. गॅस हीटर गार पाण्यावर सुरू झाला की थोडं दव सुटतं, त्यामुळे आधी मी दुर्लक्ष केलं. मग एका सकाळी बर्नर बंद ठेवून फक्त पंप चालवला, तरी थेंब पडतच राहिले. मेकॅनिकने झाकण काढलं तर आतल्या तांब्याच्या नळ्यांवर मोरचुदासारखा निळा-हिरवा थर होता आणि एका नळीला सुईच्या टोकाएवढं भोक. तेव्हा आठवलं, पाणी जिथून पुलात परत येतं तिथल्या भिंतीवर गेलं वर्षभर तसाच निळसर डाग होता. मी तो रोज बघत होते आणि शेवाळ समजून घासत होते.

व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. ती लगेच म्हणाली, "अगं, आंबट लागलंय त्याला. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकतं ना, तशातलंच आहे हे." पाणी तपासलं तर पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ६.८ (७ च्या खाली पाणी आंबट). क्लोरीनच्या गोळ्या मी स्किमरमध्ये, म्हणजे पुलाच्या कडेला पाणी आत ओढणाऱ्या खणात, टाकत असे. ट्रायक्लोरच्या या गोळ्या चांगल्याच आम्लधर्मी असतात. रात्री पंप बंद असताना त्या तिथेच विरघळायच्या आणि सकाळी ते आंबट पाणी थेट हीटरच्या तांब्यातून जायचं. ही सवय न बदलता नवा हीटर बसवला असता, तर त्याचीही तीच गत झाली असती. आता क्लोरीन हीटरमधून पाणी बाहेर पडल्यानंतरच्या पाइपात सोडते, पाणी उलटं येऊ नये म्हणून मध्ये झडप बसवली आहे आणि दर रविवारी पीएच ७.४ ते ७.६ आहे ना ते बघते.

नवा हीट एक्स्चेंजर, म्हणजे त्या तांब्याच्या नळ्यांचा संच, मजुरीसह १,९०० डॉलर सांगितला. तसाच नवा गॅस हीटर ४,२०० ला पडत होता. अकरा वर्षांच्या सांगाड्यात १,९०० घालायचे आणि पुढच्या वर्षी बर्नर जायची वाट बघायची, हे मनाला पटेना. मग कागद-पेन घेऊन बसले. आमच्या पुलात १२,००० गॅलन, म्हणजे साधारण ४५,००० लिटर पाणी आहे. एवढं पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला जवळपास एक लाख बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) लागतात. जुना चार लाख बीटीयूचा हीटर तासाला तीन अंश सहज चढवायचा. हवेतली उष्णता ओढून घेणारा हीट पंप चांगल्या हवेत तासाला जेमतेम एक अंश चढवतो, पण त्या एका अंशाला सहा-सात युनिट वीज पुरते. आमच्या दरांनी ते गॅसच्या निम्म्याहून कमी पडतं. आईला रोज तेच तापमान हवं असतं, घाई कधीच नसते. म्हणून हीट पंप घेतला: ५,६०० डॉलर, आणि २४० व्होल्टची वेगळी लाइन ओढायला इलेक्ट्रिशियनचे ९००.

ऑक्टोबर ते डिसेंबर काहीच तक्रार नव्हती. आवाज कूलरसारखा, शेजाऱ्यांना त्रास नाही. बसवल्यावर तिसऱ्याच दिवशी खाली पाण्याचं थारोळं दिसलं आणि माझा जीव वर-खाली झाला. त्या पाण्यात क्लोरीन तपासायची पट्टी बुडवली, रंग बदलला नाही. पुलाचं पाणी असतं तर बदलला असता. एसीसारखं हवेतलंच दव होतं ते.

जानेवारीत मात्र त्याची मर्यादा कळली. हवा ५० फॅरनहाइटच्या खाली गेली की तो धापा टाकतो, आणि गोठायच्या थंडीत मध्येमध्ये थांबून स्वतःवरचं बर्फच वितळवत बसतो. सलग सहा दिवस पाणी ७९ च्या वर गेलं नाही. आई काठावर पाय सोडून बसायची आणि "उद्या होईल गं गरम," असं मलाच समजवायची. ते सहा दिवस मला फार लागले. ज्यांना फक्त शनिवार-रविवारी पाणी झटपट तापवून हवं असतं किंवा जे खऱ्या थंडीच्या भागात राहतात, त्यांनी गॅसच घ्यावा.

त्या आठवड्यानंतर बुडबुड्यांचं प्लास्टिक कव्हर आणलं, आणि ते पहिल्याच दिवशी आणायला हवं होतं. पुलातली बहुतेक उष्णता वाफ होऊन वरूनच जाते. उघड्या पुलाचं पाणी रात्रीत पाच-सहा अंश उतरायचं, झाकलं की दोन. संध्याकाळी कव्हरचं रीळ फिरवायचं काम आईने स्वतःकडे घेतलं. एप्रिलमध्ये निघताना तिने मला पुन्हा पुन्हा बजावलं, बुडबुडे पाण्याकडेच ठेवायचे.