जुना कंपाउंड बो आणि नवीन ऍक्सेसरीज: नागपुरात करून घेतलेल्या कामाचा रिव्ह्यू

सरळच सांगते, जुना कंपाउंड बो (दोन्ही टोकांना चाकं असलेलं धनुष्य) धड असेल तर नवीन घ्यायची घाई करू नका, आहे त्यावरच पैसे लावा, फक्त कुठे आधी लावायचे ते समजून घ्या. माझा बो होयट कंपनीचा टार्गेट बो आहे, साधारण २०१० च्या पिढीतला, क्लबमधल्या एका सिनियर ताईकडून घेतलेला, लांब ऍल्युमिनियम रायझर (मधला, हातात धरायचा भाग) आणि हायब्रिड कॅम (टोकांची चाकं). त्यावर स्ट्रिंग-केबल, पीप (स्ट्रिंगमधलं, डोळ्यासमोर येणारं छोटं भोक), रेस्ट (बाण टेकायची जागा), साईट (नेम धरायचं साधन), स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारे दांडे) असं सगळं एकेक करून बदलवलं, आणि काम केलं इथल्याच एका भाऊने, जो घरीच बो प्रेस (बो दाबून स्ट्रिंग सैल करायचं यंत्र) आणि ड्रॉ बोर्ड (बो ओढून धरायची फळी) ठेवून ट्युनिंग करतो.

हे एवढं लिहायचं कारण म्हणजे आपल्या नागपूरचा ओजस देवतळे २०२३ ला बर्लिनमध्ये १५० पैकी १५० मारून वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी चॅम्पियन झाली, आणि आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिक्स्ड टीम (एक पुरुष, एक महिला) पण आली, त्यामुळे रेंजवर पालक येऊन पहिला प्रश्न हाच विचारतात की कोणतं नवीन मॉडेल घेऊ. टॉपचा नवीन बोच दीड-दोन लाखाच्या घरात जातो, त्यावर बाण, रिलीज (स्ट्रिंग सोडायचं हातातलं साधन), साईट वेगळे. किती घरांना जमते हे?

मी भाऊकडे गेली ती साईटसाठीच. त्याने आधी कापसाचा बोळा घेऊन लिंबच्या (बोच्या वाकणाऱ्या पात्याच्या) कडेवरून हळू फिरवला, कुठे बारीक चीर असेल तर कापूस अडकतो, मग कॅमचे एक्सल पाहिले, आणि म्हणाला, "ताई, पहिले स्ट्रिंग बदलवा, साईट मंग घेजा." हे मला फार आवडलं, कारण महागडी साईट विकणं त्याला सोपं होतं.

आणि खरंच सगळ्यात जास्त फरक स्ट्रिंग-केबलने पडला, बाकी सगळं त्याच्या नंतर. जुनी स्ट्रिंग ताणून ताणून लांब झाली होती, त्यामुळे पीप दर वेळी थोडा फिरायचा, तो सरळ ठेवायला रबरची नळी बांधलेली, आणि दोन कॅम मागेपुढे चालत होते त्यामुळे फुल ड्रॉला (स्ट्रिंग पूर्ण ओढल्यावर) भिंत लागते तशी घट्ट लागतच नव्हती. नवीन सेट बीसीवाय ४५२एक्स धाग्याचा घेतला, त्यात डायनीमासोबत वेक्ट्रान असतं आणि ते वेक्ट्रानच धाग्याला लांब होऊ देत नाही, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथे ही गोष्ट लई महत्त्वाची आहे. बसवल्यावर भाऊने बो ड्रॉ बोर्डवर लावून वरचा-खालचा कॅम एकाच वेळी थांबतो का ते पाहिलं, केबलला पीळ देऊन जुळवलं, काढलं, परत लावलं, परत पाहिलं, अख्खी दुपार गेली यात. रबरची नळी निघाली ती निघालीच, पीप आता जागचा हलत नाही. आणखी एक, स्ट्रिंग बदलायला बो प्रेस लागतेच, यूट्यूब पाहून घरी जुगाड करणारे पोरं पाहिले आहेत मी, लिंब सुटला तर हात-डोळा जाईल, कृपया करू नका.

रेस्टबद्दल नीट वाचा कारण जुन्या बोवाल्यांचे पैसे इथेच वाया जातात. आता नवीन बोला रायझरच्या मागे डव्हटेल खाच असते आणि बरेच नवीन रेस्ट त्या खाचेत अडकवायचे येतात, जुन्या बोला ती खाचच नाही, त्याला रायझरमधलं ते आरपार भोक, बर्जर होल, तिथे बोल्टनेच बसतो. बहुतेक चांगल्या कंपन्या दोन्ही प्रकार देतात, पण ऑर्डर करताना बोल्टवाला आहे का हे विचारूनच घ्या. मी टार्गेटच मारते म्हणून ब्लेड रेस्ट (बाण पातळ पट्टीवर टेकतो तो) घेतला, ट्रॉफी टेकर कंपनीचा स्प्रिंग स्टील, .०१० इंच जाडीचं ब्लेड. ड्रॉप-अवे (बाण सुटताना खाली पडणारा रेस्ट) पण चांगला असतो पण त्याची दोरी केबलला बांधा, टायमिंग जुळवा, ती दोरी सरकली की परत सगळं आलं, ब्लेडमध्ये हलणारं काही नाहीच. रेस्ट लावल्यावर पेपर ट्युनिंग केली, म्हणजे कागदातून बाण मारून तो कसा फाटतो ते पाहिलं, आधी कागद तिरपा फाटायचा, आता एक भोक आणि पिसांच्या रेघा, बस.

साईट ऍक्सेल कंपनीची घेतली, स्कोपला (साईटच्या टोकाच्या गोल चौकटीला) ४ पॉवरची लेन्स. साईटचे स्क्रूचे होल जुन्या-नवीन बोला सारखेच असतात त्यामुळे फिटिंगला काही त्रास नाही, आणि उद्या बो बदलला तरी हीच साईट त्यावर जाईल, म्हणून इथे थोडा जास्त खर्च चालतो. सेकंड ऍक्सिस मात्र नीट लावून घ्या, बो सरळ असताना साईटच्या लेव्हलमधला बबल मधोमध पाहिजे. थर्ड ऍक्सिस चढ-उतारावर मारताना कामी येतो, आपण ५० मीटर सपाट मैदानावर मारतो तर त्यासाठी एवढं टेन्शन नको. ८० सेंटीमीटरच्या फेसवर (निशाणाच्या कागदावर) दहाचं वर्तुळ फक्त ८ सेंटीमीटरचं असतं, आता माझे ग्रुप पहिल्यापेक्षा स्पष्ट आवळले आहेत आणि मुख्य म्हणजे बाण बाहेर गेला तर तो माझ्यामुळे गेला हे कळते, बोवर शंका राहत नाही.

स्टॅबिलायझर सगळ्यात शेवटी. ३० इंची फ्रंट रॉड आणि १२ इंची साईड बार, दोन्ही कार्बन, छान आहेत, पण जुना रायझर मुळातच जड असतो त्यामुळे वजनं कमीच लावा, खांदा आधीच थकते. जमत नसेल तर हा खर्च पुढच्या वर्षीवर टाका, काही बिघडत नाही.

भाऊच्या सर्व्हिसमध्ये कमी एवढीच की फोन उचलत नाही, आणि स्पर्धांच्या सीझनमध्ये नंबर लवकर लागत नाही. सेटिंगचे आकडे, म्हणजे ब्रेस हाईट (ग्रिपपासून स्ट्रिंगचं अंतर), एक्सल टू एक्सल (दोन कॅमच्या एक्सलमधलं अंतर), पीक वेट (ओढताना लागणारा जास्तीत जास्त जोर), कागदावर लिहून मागा, स्वतःहून देत नाही, मागितलं की देते. पीक वेट तर नक्की मोजून घ्या, नवीन स्ट्रिंगवर ते बदलते आणि वर्ल्ड आर्चरी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात ६० पाउंडाच्या वर चालत नाही, शिवाय वेट बदललं की बाणाचा स्पाइन (कडकपणा) पण परत पाहावा लागते.

आणि ज्यांचा बो जुना आहे त्यांनी जायच्या आधी दोन गोष्टी घरीच बघून ठेवा. एक, तुमची ड्रॉ लेंग्थ (स्ट्रिंग किती लांब ओढता ते) त्या कॅममध्ये बसते का, कारण काही जुन्या कॅमला वेगळे मॉड्यूल (ड्रॉ लेंग्थ ठरवणारे कॅमवरचे तुकडे) लागतात आणि ते आता सहज मिळत नाहीत. दुसरं, बो कधी उन्हात गाडीच्या डिक्कीत पडून होता का, तसं असेल तर लिंब आधी दाखवा, स्ट्रिंगची ऑर्डर नंतर. काम स्पर्धेच्या महिनाभर तरी आधी करा, नवीन स्ट्रिंग बसायला शे-दोनशे बाण जातात, त्याआधी घेतलेले साईट मार्क (अंतराप्रमाणे साईटवर केलेल्या खुणा) टिकत नाहीत.