जिओकॅशिंगसाठी मोबाइल पुरेसा आहे की वेगळे जीपीएस यंत्र घ्यावे? पुणेकरांसाठी एक तुलना

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेला डबा त्याच्या अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढण्याचा छंद. त्यासाठी हातात धरायचे स्वतंत्र जीपीएस यंत्र घ्यावे का, आणि घ्यायचेच तर कोणते, हा प्रश्न पुण्यात राहणाऱ्याने परदेशी खरेदी-मार्गदर्शिकांच्या भरवशावर सोडवू नये, असे माझे मत आहे. त्या मार्गदर्शिकांत सपाट जंगले, आखीव पायवाटा आणि हिवाळ्यातली थंडी गृहीत धरलेली असते. आपल्याकडे मात्र जून ते सप्टेंबरचा पाऊस, सह्याद्रीतल्या अरुंद घळी, उभे कडे आणि करवंदाच्या जाळ्या यांच्याशी गाठ असते. त्यामुळे तीच यंत्रे इथे वेगळ्या निकषांवर तपासावी लागतात.

हा छंद जन्मला तेव्हा मोबाइलचा पर्याय नव्हताच. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरपर्यंत फसवणारे यंत्र एकदम वीस मीटरांच्या आत आणून सोडू लागले आणि ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात पहिला डबा लपवला. त्या काळी शोधायला जाणाऱ्याकडे स्वतंत्र यंत्र असावेच लागे. आज खिशातला साधा मोबाइलही मोकळ्या आकाशाखाली सुमारे पाच मीटरपर्यंत अचूक स्थान दाखवतो. म्हणजे वेगळे यंत्र घेण्यासाठी अचूकता हे मुख्य कारण उरलेले नाही, आणि दुकानदार नेमका याच मुद्द्यावर भर देतो म्हणून ते आधीच सांगून ठेवलेले बरे. शिवाय डबा लपवणाऱ्याच्या यंत्रातही तेवढीच चूक असू शकते. त्याची चूक आणि आपली चूक एकत्र झाली की पडद्यावर ‘१ मीटर’ असे दिसत असतानाही डबा दहा मीटरांवरच्या दगडामागे असतो.

मोबाइलची बाजू आधी पाहू, कारण बहुतेकांचा निर्णय तिथेच व्हायला हवा. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, पाषाण टेकडी किंवा नदीकाठ एवढ्याच परिसरात शोध घ्यायचा असेल तर मोबाइल पुरेसा आहे. जिओकॅशिंगचे अधिकृत ॲप आहेच. अँड्रॉइडवर सी-जिओ हे मोफत ॲप मिळते, त्यात डब्याचे वर्णन, शोधायला मदत करणारी सूचना आणि आधीच्या शोधकांच्या नोंदी घरून साठवून नेता येतात, त्यामुळे रेंज नसली तरी काम अडत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत, खुल्या नकाशा-प्रकल्पाचे नकाशेही आधीच उतरवून ठेवता येतात. डबा सापडल्याची नोंद तिथल्या तिथे करता येते आणि डब्याचा फोटोही त्याच यंत्राने निघतो.

मोबाइल कमी पडतो तो पावसात. ओल्या बोटांनी आणि ओल्या काचेवर स्पर्शपडदा मनाला येईल तसा वागतो. थेंब पडला तरी नकाशा सरकतो, आणि बोट दाबले तरी काही वेळा हलत नाही. उन्हातही थोडी वेगळी अडचण असतेच: मोबाइलचा पडदा वाचण्यासाठी प्रकाश पूर्ण वाढवावा लागतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते, तर हातातल्या जीपीएस यंत्रांचा पडदा उन्हातच जास्त स्पष्ट दिसतो. यापेक्षा मोठा मुद्दा असा, की राजगड किंवा तोरण्यावर दिवसभर दिशा दाखवायला लावलेला मोबाइल संध्याकाळी बंद पडला, तर घरी किंवा मदतीसाठी फोन करायचे साधनही त्याच्याबरोबर जाते. पॉवर बँक हा त्यावर उपाय आहे. पण पावसात चार्जिंगची वायर जोडलेला फोन हातात धरून चढणे फारसे शहाणपणाचे नाही.

आता स्वतंत्र यंत्रांकडे वळू. या बाजारात आज प्रामुख्याने गार्मिन या कंपनीचीच यंत्रे विचारात घ्यावी लागतात. त्यांतली चार इथे तुलनेला घेतली आहेत: ईट्रेक्स एसई, ईट्रेक्स २२एक्स, ईट्रेक्स ३२एक्स आणि जीपीएसमॅप ६५एस. अमेरिकेतल्या त्यांच्या मूळ किमती अनुक्रमे १५०, २००, ३०० आणि ४०० डॉलरच्या आसपास होत्या. भारतात कर आणि आयातखर्च वर चढतो, तरी आपसातले प्रमाण समजायला हे आकडे उपयोगी पडतात. चारही यंत्रे पेन्सिल सेलवर चालतात आणि पाण्यापासूनच्या संरक्षणात आयपीएक्स-७ दर्जाची आहेत, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी चालावीत. पावसाळी ट्रेकला तेवढे भरपूर होते.

२२एक्स आणि ३२एक्स ही २०१९ ची जोडी बाहेरून जवळजवळ सारखीच दिसते. दोन्हींत २.२ इंची रंगीत पडदा, ८ जीबी जागा, मेमरी कार्डाची खाच आणि बॅटरीचे सुमारे २५ तासांचे आयुष्य आहे. फरक आतल्या दोन गोष्टींत आहे: ३२एक्समध्ये तीन अक्षांचे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आहे, २२एक्समध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. उंचीमापक डबा शोधण्याच्या दृष्टीने गौण आहे. होकायंत्राचे तसे नाही, आणि या निर्णयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा माझ्या मते तोच आहे.

जीपीएसला आपले तोंड कोणीकडे आहे हे कळत नाही. क्षणापूर्वी आपण कुठे होतो आणि आता कुठे आहोत यावरून ते दिशा ठरवते, म्हणून चालत असताना बाण बरोबर दाखवतो आणि थांबलो की भरकटतो. डबा शोधताना आपण शेवटच्या वीस मीटरांतच थांबतो. टेकडीच्या उतारावर करवंदाच्या जाळीसमोर उभे राहून कुठल्या बाजूने आत शिरायचे ते पाहत असताना २२एक्सचा बाण कधी डावीकडे, कधी पाठीमागे वळतो, आणि तो ताळ्यावर आणायला चार पावले सरळ चालावी लागतात. समोर जाळी आणि बाजूला घसरडा मुरूम असेल तर ती चार पावलेच जागेवर मिळत नाहीत. ३२एक्समध्ये यंत्र तिरके धरले, आपण दगडावर टेकून उभे असलो, तरी बाण जागेवर राहतो. दोघांच्या किमतीतला फरक याच एका गोष्टीसाठी मोजावा, आणि मोजण्यासारखा आहे.

या होकायंत्रालाही निगा लागते. सेल बदलल्यावर किंवा लांबचा प्रवास केल्यावर त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे दिशा जुळवून घेणे, पुन्हा करावे लागते. शिवाय आपला सगळा प्रदेश बेसाल्टचा आहे आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. यंत्र खडकाला टेकवून किंवा किल्ल्यावरच्या तोफेशेजारी धरून दिशा पाहू नये, दोन पावले मागे सरून पाहावी.

ईट्रेक्स एसई हे २०२३ चे यंत्र. त्याचे आकर्षण म्हणजे बॅटरी: नेहमीच्या वापरात १६८ तास, असे कंपनी सांगते. त्यात डिजिटल होकायंत्रही आहे, आणि मोबाइलशी ब्लूटूथने जोडले की डब्यांची माहिती आपोआप यंत्रात येते. ही सोय २२एक्स-३२एक्समध्ये नाही. तिथे संगणकाला वायर जोडून डब्यांची माहिती असलेली जीपीएक्स फाइल टाकावी लागते, आणि तीसुद्धा आता घरात सहसा न सापडणाऱ्या मिनी-यूएसबी वायरीने. मात्र एसईचा पडदा कृष्णधवल आहे आणि त्यात नकाशा दिसत नाही. टेकड्यांवर त्याने फरक पडत नसला तरी सह्याद्रीत पडतो. बाण नेहमी सरळ रेषा दाखवतो. ‘२०० मीटर’ असे लिहिलेले असते आणि मध्ये उभा कडा असतो. समोच्च रेषांचा, म्हणजे चढ-उतार दाखवणारा, नकाशा असेल तर सोंडेवरून वळसा घ्यायचा हे आधीच कळते. त्यामुळे एसई घेणाऱ्याने मोबाइलमध्ये नकाशा ठेवून तो सोबत बाळगावा. अशी जोडी स्वस्तही पडते आणि मोबाइलची बॅटरीही शिल्लक राहते.

नकाशाबद्दल आणखी एक गोष्ट. रंगीत यंत्रांबरोबर येणारे नकाशे इथल्या ट्रेकसाठी अपुरे वाटले तर ओपनस्ट्रीटमॅपवरून तयार केलेले, गार्मिनमध्ये चालणारे नकाशे इंटरनेटवर मोफत मिळतात आणि मेमरी कार्डावर टाकता येतात. वेगळे पैसे देऊन नकाशे घ्यायची घाई करू नये.

जीपीएसमॅप ६५एसचा पडदा २.६ इंची आहे, होकायंत्र आणि उंचीमापक दोन्ही आहेत, ब्लूटूथ आहे. बॅटरी मात्र सुमारे १६ तासच. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे ते उपग्रहांचे संकेत दोन वारंवारितांवर घेते, आणि अमेरिकी, रशियन व युरोपीय उपग्रहांबरोबर आपल्या इस्रोच्या नाविक प्रणालीचेही संकेत वापरते. याचा उपयोग ताम्हिणीसारख्या ठिकाणी समजतो. दरीत आकाशाची चिंचोळी पट्टी दिसते, काही संकेत थेट येतात, काही कड्यावर आपटून किंचित उशिरा येतात, आणि जुन्या पद्धतीच्या यंत्राला ते वेगळे ओळखता न आल्याने आपले स्थान उडी मारत राहते. एल-५ या वारंवारितेवरच्या संकेताची रचना अशी आहे, की थेट आणि परावर्तित संकेत अधिक नीट वेगळे करता येतात. पावसाळ्यात टेकड्यांवरच्या गिरिपुष्पाच्या दाट, ओल्या पानांखालीही थोडा फायदा व्हावा. परंतु अलीकडच्या अनेक मध्यम किमतीच्या मोबाइलमध्येही दोन वारंवारितांची ही सोय आलेली आहे, त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजणे मला पटत नाही. जो स्वतः डबे लपवतो आणि इतरांना देण्यासाठी नेमके स्थान नोंदवतो, त्याने ६५एसचा विचार जरूर करावा. अर्थात गार्मिनच्या यंत्रांत एकाच जागेच्या अनेक नोंदींची सरासरी काढण्याची सोय असते, आणि नव्वद मिनिटांच्या अंतराने चार ते आठ नोंदी घेण्याचा धीर असेल तर स्वस्त यंत्रही चांगले स्थान देते.

याच मालिकेत उपग्रहावरून संदेश पाठवणारी इनरीच यंत्रे आणि ६६आय, ६७आय ही मॉडेले आहेत. परदेशातल्या नातेवाइकाकडून स्वस्तात मागवायचा मोह झाला तरी ती आणू नयेत. ती इरिडियम या कंपनीच्या उपग्रहांवर चालतात आणि दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणे गुन्हा ठरते; अशा यंत्रांपायी परदेशी प्रवाशांना आपल्या विमानतळांवर ताब्यात घेतले गेले आहे. नुसते संकेत घेणाऱ्या वरच्या चार यंत्रांची गोष्ट वेगळी. तरीही खडकवासल्याच्या एनडीएची हद्द, लोहगाव आणि लष्करी आस्थापनांच्या कुंपणाजवळ हातात यंत्र घेऊन झुडपे चाचपत फिरू नये, हे सांगायला नको.

यंत्र कोणतेही घ्या, अक्षांश-रेखांशाची पद्धत आधी तपासा. जिओकॅशिंगमध्ये स्थान अंश आणि दशांश मिनिटांत देतात. सिंहगडाचा अक्षांश साधारण १८ अंश २१.९६० मिनिटे आहे. मोबाइलमधली पुष्कळ नकाशा-ॲप दशांश अंश वापरतात. तिथे हाच आकडा १८.२१९६० असा भरला तर आपण सिंहगडाच्या दक्षिणेला सुमारे १६ किलोमीटरवर, भोरच्या दिशेला जाऊन पोचतो. योग्य रूपांतर १८.३६६ असे येते. आणि मिनिटाचा शेवटचा, तिसरा दशांश आकडा एकाने चुकला तर जेमतेम १.८५ मीटरचा फरक पडतो, तेव्हा त्यावर जीव टाकू नये.

सेल निकेल मेटल हायड्राइडचे, पुन्हा चार्ज होणारे घ्यावेत आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये तोच प्रकार निवडावा, नाहीतर बॅटरीचा दर्शक चुकीचे सांगतो. साधे अल्कलाइन सेल पावसाळाभर आत तसेच ठेवले तर पाझरून टोके खराब करतात. जुने यंत्र विकत घेणाऱ्याने झाकण उघडून हेच आधी पाहावे: स्प्रिंगवर हिरवट थर आहे का, झाकणाचे रबर कडक झाले आहे का, बटणावरचे आवरण फाटले आहे का.

माझी शिफारस विचाराल तर शहरापुरते मोबाइल; पावसाळ्यातही किल्ल्यांवर नियमित जाणाऱ्याने ३२एक्स; आणि पैसे जपायचे असतील तर एसई आणि मोबाइलमधला नकाशा. २२एक्स मी कुणाला सुचवणार नाही. घेतलेले यंत्र परत करण्याची मुदत संपायच्या आत एखाद्या मोकळ्या मैदानावर न्यावे, एक खूण नोंदवून शंभर पावले दूर जावे आणि चार वेगवेगळ्या बाजूंनी परत यावे. चारही वेळा ते त्याच पाच-सहा मीटरांच्या परिघात आणून सोडत असेल आणि थांबल्यावर बाण स्थिर राहत असेल तर यंत्र ठेवावे. बाण फिरतच राहिला तर कॅलिब्रेशन करून पुन्हा एकदा पाहावे, आणि तरीही फिरला तर बिलासकट दुकान गाठावे.