कमाईतला दहावा हिस्सा : ‘गिव्हिंग व्हॉट वी कॅन’ दीड वर्ष वापरल्यावर

दीड वर्ष झालं वापरून, म्हणून आता लिहितोय, घाईने लिहायची गोष्ट नव्हती ही. ‘गिव्हिंग व्हॉट वी कॅन’ला सर्व्हिस म्हणायचं की संकल्प ते माझं मलाच ठरवता येत नाही. 2009 मध्ये ऑक्सफर्डला टोबी ऑर्ड आणि विल मॅकॅस्किल या तत्त्वज्ञानातल्या लोकांनी सुरू केलंय. काम एवढंच की आपल्या कमाईतला निदान 10 टक्के हिस्सा निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांसाठी देईन असं कबूल करायचं आणि दिलेल्याची नोंद ठेवत जायची. कबूल करायला पैसे पडत नाहीत, कायद्याचं बंधन नाही, आपला शब्द तेवढा आहे.

मी श्रद्धाळू माणूस आहे आणि घरात लहानपणापासून एकच ऐकलं, बाबा म्हणायचे दिलेलं मोजू नये, या हाताचं त्या हाताला कळू नये. मी ते पाळलं पण. समोर कोणी आलं, मन भरून आलं, की खिशात असेल ते दिलं आणि पुढे गेलो. मग एका रात्री वर्षभराचं बँक स्टेटमेंट उघडून बसलो आणि दिलेलं तेवढं बाजूला लिहून काढलं, बेरीज केली, ती कमाईच्या अर्ध्या टक्क्यालाही पोचली नाही. परत केली, तेवढीच आली. मला खूप लागलं ते. मोजत नव्हतो म्हणून मनात मी चांगला देणारा होतो. त्या अर्ध्या टक्क्यातलाही बराचसा एका संस्थेला गेलेला, नाव घेत नाही, त्यांचे सारखे फोन यायचे आणि नाही म्हणता यायचं नाही म्हणून द्यायचो, ना कधी पावती आली ना त्या पैशाचं काय झालं ते कळलं.

त्यानंतर हे सापडलं. यातलं सगळ्यात भारी काय असेल तर ते ‘हाऊ रिच ॲम आय’ नावाचं कॅलक्युलेटर. देश निवडायचा, टॅक्स कापून घरात येणारी कमाई टाकायची, घरात मोठी माणसं किती, मुलं किती ते टाकायचं, की जगात आपण कमाईच्या बाबतीत कुठे बसतो ते सांगतं. तुमच्याकडे वस्तू स्वस्त की महाग हेही त्यात धरलेलं असतं, म्हणजे ‘तिकडच्या पैशाशी आमची तुलना कशाला’ ही पळवाट राहत नाही. मी स्वतःला अगदी मधला समजत होतो, ना वर ना खाली. आकडा आला तो मी मनात धरला होता त्याच्या फारच वरचा. खाली अजून एक गोष्ट दाखवतात, की 10 टक्के दिल्यावर तुम्ही किती खाली याल, आणि मी जवळजवळ तिथेच होतो, हलल्यासारखं वाटलंच नाही.

बाबा शेजारी बसले होते. इंग्रजी पान म्हणून मी वाचून दाखवत होतो. म्हणाले माझी पेन्शन टाक. टाकली. चष्मा काढून पुसला, परत घातला, स्क्रीनजवळ येऊन बघितलं आणि म्हणाले, “अरे, मी एवढा वर असेन तर खाली आहेत त्यांचं कसं चालत असेल?” मला उत्तर देता आलं नाही, मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून उठलो.

पुढचा प्रश्न द्यायचं कोणाला. बाबा ‘सत्पात्री दान’ हा शब्द वापरतात, गीतेच्या 17 व्या अध्यायात सात्त्विक दान सांगितलंय ते असंच, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला, परतफेडीची आशा न ठेवता. परतफेडीचं आपण लक्षात ठेवतो आणि पात्र बघायचं सोडून देतो असं मला वाटतं. इथे पात्र बघायचं काम नीट केलेलं असतं, 2007 पासून हेच करणाऱ्या ‘गिव्हवेल’सारख्या संस्थांनी तपासलेल्या कामांची नावं मिळतात. मी मलेरियाच्या मच्छरदाण्या निवडल्या, ‘अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन’च्या. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी, एकीत साधारण दोन माणसं झोपतात, तीनेक वर्षं टिकते. हे असं डोळ्यासमोर आलं की देताना हात मागे येत नाही, माझा तरी येत नाही आता.

ही मंडळी धर्माचं नाव घेत नाहीत, सगळं हिशोबाच्या भाषेत बोलतात आणि सुरुवातीला मला ते कोरडं वाटलं. मग लक्षात आलं की मोजणं तर धर्मांमध्ये पहिल्यापासून आहे. ज्यू आणि ख्रिश्चनांमध्ये दशांश, शिखांमध्ये दसवंध म्हणजे दहावा हिस्सा, मुसलमानांमध्ये जकात 2.5 टक्के. आणि जकात कमाईवर नसते, साठवलेल्या संपत्तीवर असते, तीही एका मर्यादेच्या वर असेल आणि चांद्र वर्षभर हातात राहिली असेल तर. हा फरक मला फार शहाणपणाचा वाटतो कारण ज्याची कमाई थोडी त्याला 10 टक्के जड जातात आणि ज्याच्याकडे खूप साठलंय पण महिन्याची आवक थोडी आहे तो कमाईच्या हिशोबात सुटून जातो. मी वापरलेलं कॅलक्युलेटर कमाईच विचारतं. म्हणून मी माझ्यापुरतं ठेवींचंही वेगळं मांडतो वर्षातून एकदा. ज्यांच्याकडे जमीनजुमला आहे त्यांनी नुसत्या आकड्यावर थांबू नये असं मनापासून सांगतो.

आणि कर्ज असेल, घरात आजारपण असेल तर एकदम दहावर उडी मारायची काहीच गरज नाही. ट्रायल प्लेज आहे, म्हणजे ठरावीक काळापुरता संकल्प, निदान 1 टक्का, किती काळासाठी ते आपण ठरवायचं. मीही तसंच केलं, आधी 2 टक्के सहा महिने, मग 5, दहावर येऊन आता चार महिने झालेत. पगार आला की त्याच दिवशी वेगळ्या खात्यात जातात, महिन्याच्या शेवटी उरलं तर देऊ म्हटलं की उरत नाही हे मी वर्षानुवर्षं बघितलंय. बायकोला आधी धास्ती वाटत होती, तिच्याशी बोलल्याशिवाय एकही टप्पा वाढवला नाही आणि जोडीने राहणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावं, घरात खटके उडवून दिलेलं दान मला तरी पटत नाही.

प्लेज घेणाऱ्यांची नावं यादीत लागतात. बाबांना तेवढं एक खटकलं. पण नाव न दाखवण्याची सोय आहे हे सांगितल्यावर मागच्या महिन्यात त्यांनीही 1 टक्क्याचं घेतलं, एक वर्षासाठी, नाव न दाखवता. पेन्शन जमा झाली की हाक मारतात, “ये रे, ते आपलं आधी करून टाक.”